फीत आणि दाखला

कार्तिक वद्य एकादशीच्या जत्रेची गर्दी ओसरली आणि भातकापणीही उरकली, की निर्मळ गावाच्या परिसरातील एका मोकळ्या जागेवर एक क्रीडाशिक्षक पंचक्रोशीतील मुलांकडून शासकीय क्रीडा प्रबोधिनीच्या निवडचाचणीची तयारी करून घेतात. ते काम जवळून पाहिले म्हणजे कोवळ्या वयातील गुणवत्तेला आकडा लावणे हा किती नाजूक व्यवहार आहे, हे ध्यानात येते. चाचण्या 9, प्रत्येकीस कमाल 3 गुण, एकूण 27: उंची, वजन, 30 व 800 मीटर धाव, शटल रन, जागेवरून लांब उडी, उभी उडी, मेडिसिन बॉलची फेक आणि लवचिकता.

उभ्या उडीसाठी मुलगी बोटांना खडू लावून भिंतीवर हात पोहोचेल तिथे एक खूण करते, मग उडी घेऊन दुसरी. मोजायचे ते दोहोंमधले अंतर, त्यामुळे तिच्या उंचीचा लाभ येथे आपोआप वजा होतो. लांब उडीत मागे राहिलेल्या टाचेपर्यंतच माप धरतात, आणि तोल जाऊन हात मागे टेकला तर हातापर्यंत. परंतु फितीच्याही आधी हाती घेतला जातो तो जन्मदाखला, कारण गुणांचे कोष्टक वयागणिक बदलते. आणि वयाच्या एकाच रकान्यात नोंद झालेल्या दोघांपैकी एकास मिसरूड फुटू लागलेले व दुसरा अद्याप निव्वळ पोर असला, तर पहिला धावण्यापूर्वीच उंचीच्या गुणांत पुढे गेलेला असतो.

कोण पुढे किती वाढेल, हे फीत सांगत नाही; याउलट अमेरिकन फुटबॉलमध्ये शाळकरी खेळाडूंना तारे देणाऱ्या ‘247 स्पोर्ट्स’सारख्या खासगी संस्थांचे परीक्षक चित्रफिती व शिबिरे पाहून मुलाच्या भावी वाढीचाच अंदाज बांधतात, आणि पाच तारे सुमारे 32 जणांनाच देतात, कारण व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीच्या पहिल्या फेरीत जागा तितक्याच, तरीही शाळा संपताना एकाही मोठ्या विद्यापीठाचे निमंत्रण नसलेला जॉश अ‍ॅलन 2018 साली त्या फेरीत सातव्या क्रमांकावर निवडला गेला. नजर अंदाजात चुकते. फीत अंदाजच करीत नाही.

म्हणून हे शिक्षक निवड न झालेल्यांचीही नोंदवही ठेवतात आणि काही महिन्यांनी त्यांची फेरतपासणी करतात. उंचीत कमी भरलेल्या मुलाची शटल रनमधली वेळ मधल्या काळात सुधारली असेल, तर त्या सुधारणेला सरकारी तक्त्यात रकाना नाही. पण पुढील वर्षी कोणास पुन्हा पाठवायचे, हे ते तिच्यावरूनच ठरवतात.