प्राथमिक शाळेचा दीर्घकालीन ठसा

नाशिकच्या गंगापूर रोड परिसरात इंग्रजी शाळांच्या पाट्या वाढत असतानाही, मुलांनी भीतीविना आणि प्रत्यक्ष कृतीतून शिकावे या भूमिकेवर आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची प्रयोगशील शाळा उभी राहिली. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये सुरू केलेले सृजन आनंद विद्यालय हे त्याच परंपरेतले. अशा शाळांतील जिव्हाळ्याचा परिणाम मोजता येतो का, असा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्तही आहे.

याचे उत्तर शोधायला एक प्रयोग उपयोगी पडतो. अमेरिकेतील टेनेसी राज्यात 1985 पासून सुमारे साडेअकरा हजार मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने वेगवेगळ्या वर्गांत नेमण्यात आले. चांगल्या बालवर्गाने वाढवलेले गुण वरच्या इयत्तांत जवळजवळ विरून गेले, पण तीच मुले सत्ताविशीत पोचली तेव्हा त्यांच्या कमाईत फरक पुन्हा दिसला. संशोधकांच्या मते टिकून राहिली ती चिकाटी, पुढाकार आणि वर्गातले वागणे, म्हणजेच ज्यांना बिगर-बौद्धिक कौशल्ये म्हणतात ती, आणि गुणपत्रिकेत त्यांना रकाना नसतो.

ती रुजतात कशी, हे हातच्याच्या वजाबाकीत पाहता येते. अडलेल्या मुलाशेजारी मांडी घालून बसलेल्या शिक्षिका, म्हणजेच ताई, दहा काड्यांचा गठ्ठा त्याच्याच हाताने सोडवून घेतात, उत्तर सांगण्याची घाई करत नाहीत, आणि चुकणे लाजिरवाणे नाही हे त्याला गणिताबरोबरच कळते. मात्र त्यासाठी वर्गातला पट आटोक्यात हवा. साठ मुलांच्या वर्गात ताईंना तेवढी सवड मिळत नाही.