कीटकभक्षी वनस्पती: किडा हे अन्न नव्हे, खत

कीटकभक्षी वनस्पती किडे खाऊन जगतात, हा समज त्यांच्या नावातूनच पसरला आहे. त्या ओळखताना आणि वाढवताना होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळही तोच आहे. ही झाडं हिरवी असतात आणि इतर झाडांसारखंच उन्हाच्या बळावर स्वतःचं अन्न तयार करतात. किड्यातून त्यांना मिळतात ती नायट्रोजन, फॉस्फरससारखी द्रव्यं, म्हणजे खत. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने १८७८ च्या सुमारास ड्रॉसेराची, म्हणजे दवबिंदूची, काही रोपं किड्यांपासून दूर ठेवली आणि काहींना मांसाचे बारीक कण दिले. उपाशी रोपंही जगली. पण कण मिळालेल्यांना बिया कितीतरी जास्त धरल्या. साताऱ्याजवळच्या कास पठारावर दवबिंदू आणि सीतेची आसवं उगवतात, त्याचं कारणही हेच. जांभ्या दगडाच्या या सड्यावरचा मातीचा पातळ थर पावसाने धुऊन निकस होतो. खताची ती उणीव किडे भरून काढतात.

दुसरा गैरसमज ओळखीचा: चिकट दिसलं की कीटकभक्षी. चित्रकाच्या फुलाखालच्या हिरव्या नळीला बारीक किडे चिकटतात, पिवळी तिळवणही हाताला चिकट लागते. पण तेवढ्यावरून त्या कीटकभक्षी ठरत नाहीत. किडा धरणं, पचवणं आणि त्याचा रस शोषून घेणं, हे सगळं व्हायला हवं. बटरवर्ट या खऱ्या कीटकभक्षी झाडाचं पान तुपाचा हात लागल्यासारखं दिसतं. भिंगातून पाहिलं तर देठाच्या ग्रंथींवर चिकट थेंब दिसतात. त्या किडा धरतात, पानाला बसलेल्या बिनदेठाच्या ग्रंथी तो पचवतात. उलट, त्याच कुळातल्या सीतेच्या आसवांवर वरून सापळा दिसतच नाही. त्यांच्या इवल्या पिशव्या ओल्या मातीत दडलेल्या असतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सूक्ष्म जीव आत ओढतात.

मग किडा जर खतच असेल, तर कुंडीत शेणखत घातलं तर काय बिघडलं? बिघडतं, कारण या झाडांची मुळं निकस जमिनीला सरावलेली असतात; खत आणि क्षारयुक्त पाणी त्यांना सोसत नाही. घरी वाढवायचीच असतील तर रोपवाटिकेत तयार केलेली मेक्सिकन बटरवर्ट घ्यावीत. परलाइटसारखं भुसभुशीत माध्यम, पावसाचं किंवा आरओचं पाणी आणि भरपूर उजेड एवढं त्यांना पुरतं. फ्रान्सिसने मांस दिलं म्हणून आपणही तुकडे भरवू नयेत; न पचलेला तुकडा कुजतो आणि पानही कुजवतो. थंडीत बरीच मेक्सिकन बटरवर्ट बारीक, मांसल, बिनचिकट पानं धरतात. ते आजारपण नव्हे, विश्रांती आहे. तेव्हा पाणी कमी करावं. कासवरून एखादं रोप आणलं तर काय झालं, असंही विचारलं जातं. तिथला गवती दवबिंदू आणि सीतेची आसवं वर्षायू आहेत: पावसाळा सरला की मरतात, मागे उरतं ते फक्त बी. फुलावर आलेलं रोप उपटलं की कुंडीत ते जगत नाहीच आणि सड्यावरचं पुढच्या वर्षाचं बीही जातं. म्हणून ही झाडं भिंगातून पाहावीत, त्यांचे फोटो काढावेत आणि त्यांना सड्यावरच राहू द्यावं.