‘एकाच प्रकारची पन्नास गणितं’ सोडवून काय होतं?

बारावीची परीक्षा जवळ आली की एक सल्ला घरोघरी मिळतो: ‘एका प्रकारची पन्नास गणितं ओळीने सोडव, प्रकार पक्का होईल.’ तो इतक्या ठामपणे दिला जातो, की पुरावा कुणी मागतच नाही. पुरावा आहे, पण उलट बाजूचा.

डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली घनफळाच्या गणितांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. सरावाच्या वेळी एकेक प्रकार सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, प्रकार मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली, तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ टक्क्यांवर होते. ‘ते कॉलेजचे विद्यार्थी होते’ असं कुणी म्हणेल. रोहरर यांनीच सहकाऱ्यांसह २०१५ मध्ये सातवीच्या मुलांना आलेख आणि चढ यांची गणितं देऊन पाहिली. उजळणीनंतर महिन्याने घेतलेल्या परीक्षेत मिसळलेल्या सरावाला ७४ टक्के, सलग सरावाला ४२.

कारण समजून घ्या. इंटिग्रेशनमध्ये ‘एक्स गुणिले ई चा एक्स घात’ आलं की बाय पार्ट्स. घातातल्या एक्सच्या जागी एक्स-वर्ग आला की टी बरोबर एक्स-वर्ग घ्यायचं, दोन-तीन ओळींत सुटतं. आता पुढचा एक्स काढून टाका: उरलेल्याचं उत्तर नेहमीच्या फलनांत लिहिताच येत नाही. तीन गणितं जवळजवळ सारखी दिसतात आणि सगळं कौशल्य त्यांतला फरक ओळखण्यात आहे. ‘सबस्टिट्यूशन’ या मथळ्याखालची पन्नास गणितं सोडवताना ही ओळख एकदाही करावी लागत नाही, कारण पद्धत मथळ्यानेच सांगितलेली असते. प्रश्नपत्रिकेत मथळा नसतो! मुलं घरी येऊन सांगतात, ‘सगळं येत होतं, पण सुचलं नाही.’ सुचण्याचा सराव त्यांच्याकडून कुणी करूनच घेतला नव्हता, आणि दोष मात्र त्यांच्या डोक्याला दिला जातो. याचा मला खरोखर राग येतो.

नवी पद्धत शिकताना पहिली पाच-सहा गणितं सलग सोडवावीत, ते हवंच. त्यानंतर मिसळावं. बालभारतीच्या पुस्तकात धड्याच्या शेवटी ‘मिसलेनियस एक्सरसाइज’ असते, तीच नेमकी वेळ नाही म्हणून सोडली जाते. सुरुवात तिथून करा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘माझं कॅल्क्युलस कच्चं आहे’: वही तपासा, चूक बऱ्याचदा बीजगणिताची निघते, ए-वर्ग अधिक बी-वर्ग यांचं वर्गमूळ म्हणजे ए अधिक बी नव्हे, ३ आणि ४ घालून पाहा, ५ येतात.

‘आलेखाला भरपूर बिंदू लागतात’: वर्गफलनाला मुळं, शिरोबिंदू आणि वाय-अक्षावरचा छेद एवढं मिळालं की आकार हाती येतो.

‘डेरिव्हेटिव्ह शून्य म्हणजे मॅक्सिमम किंवा मिनिमम’: एक्स-घनाचा डेरिव्हेटिव्ह शून्यापाशी शून्यच असतो, तरी आलेख तिथून वरच चढत राहतो.

‘गाइडमधलं उत्तर वाचून समजलं, म्हणजे आलं’: गाइड मिटा आणि कोऱ्या कागदावर तेच सोडवा.

‘शेवटचं उत्तर चुकलं की सगळं गेलं’: बहुपर्यायी प्रश्नांत हो, सविस्तर उत्तरांत बरोबर पायऱ्यांना गुण मिळतात, म्हणून अर्धवट सुटलेलं गणितही खोडू नका.