डिसोजा : एका नदीचे आडनाव चार खंडांत

आडनावांचा माग : लेखांक 11

मागच्या आठवड्यात आपण सिंदखेडराजाच्या जाधवांचा माग काढत देवगिरीच्या यादवांपर्यंत सांगितल्या जाणाऱ्या परंपरेपाशी पोहोचलो. आज आपल्या मातीत न रुजलेले एक आडनाव घेऊ. चिखली, मेहकर, लोणार या भागातल्या गावांच्या जुन्या सातबाऱ्यांत ते सहसा सापडणार नाही. तरी ते ओळखीचे आहे. मुंबईला नोकरी केलेल्याला साहेब म्हणून किंवा शेजारी म्हणून एखादा डिसोजा भेटलेला असतो. बाभळगावच्या देशमुखांची सून आणि ‘वेड’ चित्रपटाची नायिका जिनिलिया ही माहेरची डिसूझा. हिंदी चित्रपटांनी तर वर्षानुवर्षे बारवाला, मेकॅनिक आणि ऑफिसातली सेक्रेटरी यांना हेच आडनाव वाटले.

हे आडनाव पोर्तुगीज आहे हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यावरून सरळ अनुमान निघते की डिसोजा म्हणजे पोर्तुगीजांचे वंशज. गोवा, वसई आणि मंगळूरच्या बहुसंख्य डिसोजांच्या बाबतीत हे अनुमान चुकीचे आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी पोर्तुगालात जावे लागेल.

नदीवरून घराणे

उत्तर पोर्तुगालात सोउझा नावाची एक लहान नदी आहे. पोर्तो शहराजवळ ती दोउरु या मोठ्या नदीला मिळते. अकराव्या शतकात या नदीच्या खोऱ्यात जमीनजुमला असलेल्या एका सरदार घराण्याने नदीचेच नाव लावले. ‘द सोउझा’ म्हणजे सोउझाचा, सोउझाकडचा. पैनगंगेच्या काठच्या एखाद्या वतनदाराने गावाऐवजी नदीचे नाव लावावे, तसाच हा प्रकार. एगास गोमिश द सोउझा हा या नावाचा आरंभीचा पुरुष मानला जातो. पोर्तुगाल स्वतंत्र राज्य झाले तेव्हा तिथल्या बड्या घराण्यांत सोउझांची गणना होत होती.

पुढे नाव घराण्यापुरते उरले नाही. खोऱ्यातून बाहेर पडलेली साधी माणसे, सरदारांचे आश्रित आणि नोकर यांनीही ते लावले. समुद्रमार्गाने साम्राज्य पसरू लागले तोवर सोउझा हे नाव सरदाराचे होते तसेच खलाशाचेही होते.

या प्रसाराचे एक टोक एकाच माणसाच्या चरित्रात दिसते. मार्तिम अफोन्सु द सोउझा याने 1532 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर साओ विसेन्ती ही वसाहत उभी केली. दोनच वर्षांत तो आरमाराचा प्रमुख म्हणून हिंदुस्थानात आला. त्याच्यासोबत आलेला वैद्य म्हणजे गार्सिया द ओर्ता. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. 1542 मध्ये मार्तिम अफोन्सु गव्हर्नर होऊन पुन्हा आला, तेव्हा त्याच्या ताफ्यातून फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. 1543 मध्ये बारदेश आणि सासष्टी हे तालुके आदिलशाहीकडून पोर्तुगीजांकडे गेले, तेही त्याच्याच कारकिर्दीत. आज गोव्यातले डिसोजा मोठ्या संख्येने याच दोन तालुक्यांतले. म्हणून ‘सगळे डिसोजा त्या गव्हर्नरचे’ असे कुणाला वाटले तर नवल नाही. पण आडनाव पसरले ते वेगळ्याच रीतीने.

बाप्तिस्म्याच्या पाण्यातून

सोळाव्या आणि सतराव्या शतकांत गोव्यात आणि वसईत गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. बाप्तिस्म्याच्या वेळी नवे नाव मिळे, आणि त्यामागे आडनावही. ते आडनाव धर्मपित्याचे असे, बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचे असे, किंवा समारंभाला मानाने बोलावलेल्या एखाद्या अधिकाऱ्याचे असे. धर्मपिता सोउझा असेल तर कुटुंब डिसोजा झाले, परेरा असेल तर परेरा. नाते मानलेले, रक्ताचे नव्हे.

यातून दोन गोष्टी झाल्या. एक, सख्ख्या भावांची आडनावे वेगळी झाली, कारण त्यांचे बाप्तिस्मे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या धर्मपित्यांच्या साक्षीने झाले. दोन, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या कुटुंबांचे आडनाव एक झाले. गोव्यातल्या गावकरी व्यवस्थेत ज्यांना वांगड म्हणत, त्या मूळ कुळांपैकी एखादे अख्खे कूळ एका आडनावाखाली येई. पण त्याच गावातल्या दुसऱ्या जातीच्या माणसांनाही तेच आडनाव मिळालेले असे. ख्रिस्ती झाल्यावरही गोव्यात बामण, चार्डो वगैरे जातिभेद राहिले, म्हणून एकाच चर्चला जाणारे दोन डिसोजा लग्नाच्या बाबतीत परस्परांना परके असत. आडनावावरून कूळ ओळखण्याची आपली वऱ्हाडी सवय इथे निकामी ठरते.

जुनी ओळख मात्र पुसली गेली नाही. मंगळूरकडच्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांना आपण मूळचे प्रभू, शेट, कामत किंवा पै हे आजही माहीत असते. घरात आणि सोयरिकीत ते सांगितले जाते, कागदावर मात्र डिसोजा किंवा पिंटो असते.

वसई : फिरंगाणातली मराठी घरे

मराठी वाचकाच्या दृष्टीने या गोष्टीचा सर्वांत जवळचा भाग वसईचा. त्यात आपल्या वऱ्हाडाचाही एक धागा आहे. 1528 च्या सुमारास अहमदनगरच्या निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाला कोंडीत पकडले, तेव्हा अलाउद्दीन इमादशहाने मदतीला बोलावले गुजरातच्या बहादूरशहाला. हाच बहादूरशहा पुढे मोगलांच्या भीतीने पोर्तुगीजांकडे वळला आणि 23 डिसेंबर 1534 च्या तहाने त्याने वसई आणि भोवतालचा मुलूख त्यांना देऊन टाकला. वऱ्हाडात ज्याच्या फौजा येऊन गेल्या, त्याच सुलतानाच्या सहीने वसईत पोर्तुगीज आडनावांचे दार उघडले.

तो मुलूख पुढे 205 वर्षे पोर्तुगीजांकडे राहिला. मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज सत्ता गेली, युरोपीय पाद्रीही बहुतेक गेले. स्थानिक ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी आपल्या वाड्यांत राहिले, चर्च राहिले आणि आडनावे राहिली. डिसोजा, डिमेलो, लोपीस, परेरा, घोन्साल्विस ही आडनावे लावणारी ही माणसे बोलतात मात्र मराठीच्या बोली. सामवेदी किंवा कादोडी ही वसईच्या कुपारी समाजाची बोली त्यांपैकी एक. वसईच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. बायबलचा ‘सुबोध बायबल’ हा मराठी अवतार त्यांचा. आडनाव पोर्तुगालचे आणि भाषा ज्ञानेश्वरांची, हा संयोग वसईत नेहमीचा.

मुंबई बेटांवरच्या आणि साष्टीच्या जुन्या ख्रिस्ती रहिवाशांनी स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतले, ते आडनावांच्या याच गोंधळापायी. रेल्वे आणि कंपन्यांच्या नोकऱ्यांसाठी गोव्याहून आणि मंगळूरहून डिसोजा, फर्नांडिस येऊ लागले. त्यांची आणि स्थानिकांची आडनावे तीच. आपण या भूमीचे जुने रहिवासी आहोत हे साहेबाला कळावे म्हणून 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. आडनावाने वेगळेपण दाखवता येईना, तेव्हा समाजालाच नवे नाव घ्यावे लागले.

याच समाजातले एक नाव आपल्या जिल्ह्याच्या राजकीय इतिहासाशीही जोडलेले आहे. टिळकांनी एप्रिल 1916 मध्ये बेळगावला होमरूल लीग काढली, तिचे अध्यक्ष जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा. या लीगचे कार्यक्षेत्र मुंबई शहर सोडून महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड असे होते. म्हणजे बुलढाण्याचा जो कार्यकर्ता टिळकांच्या लीगचा सभासद झाला, त्याच्या लीगचे अध्यक्षपद एका पोर्तुगीज आडनावाच्या, माझगावात वाढलेल्या मराठी माणसाकडे होते.

ब्राझील, बेनिन, श्रीलंका

आता जगाचा नकाशा पाहू. पोर्तुगालात सोउझा आजही अत्यंत प्रचलित आडनावांपैकी एक आहे. संख्येने सर्वांत जास्त सोउझा अर्थात ब्राझीलमध्ये. तिथे पोर्तुगालहून आलेले वसाहतकार होतेच, शिवाय आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांना आणि मूळ रहिवाशांनाही बाप्तिस्म्याबरोबर मालकाचे किंवा पाद्र्याचे आडनाव मिळाले. गोव्यात घडले तेच, पण कितीतरी क्रूर परिस्थितीत.

पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये विदा नावाचे बंदर आहे. ब्राझीलहून आलेला फ्रान्सिस्को फेलिक्स द सोउझा तिथे गुलामांच्या व्यापारात गडगंज झाला आणि 1849 मध्ये तिथेच वारला. त्याच्या असंख्य वंशजांनी हे नाव बेनिन आणि टोगोमध्ये पसरवले. बेनिनचे जुने नाव दाहोमी असताना 1969-70 मध्ये देशाचा कारभार पॉल-एमिल द सोउझा या लष्करी अधिकाऱ्याच्या हाती होता.

श्रीलंकेत आडनावाने रूप बदलले. तिथे ते सोयसा किंवा झोयसा झाले. पोर्तुगीज तिथे 1505 मध्ये पोहोचले आणि 1656 मध्ये डचांनी कोलंबो घेतले. पुढच्या काळात कित्येक कुटुंबांनी धर्म पुन्हा बदलला किंवा जुनाच सांभाळला, पण आडनाव टाकले नाही. म्हणून श्रीलंकेच्या क्रिकेट संघात सिंहली बौद्ध खेळाडू पेरेरा, मेंडिस, डिसिल्व्हा असतात. 1996 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शतक ठोकणारा अरविंद डिसिल्व्हा आपल्याला आठवतो. 1999 मध्ये हरारे कसोटीत आपल्या पहिल्या तीन चेंडूंवर हॅट्‌ट्रिक घेणारा नुवान झोयसा हा या सोउझाच्याच सिंहली रूपाचा धनी.

दुसरी लाट गोव्यातून निघाली. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत गोवेकर ख्रिस्ती कारकुनी, रेल्वे, बोटी आणि संगीत यांच्या नोकऱ्या धरून मुंबई, कराची, नैरोबी, झांझिबार आणि आखाती देशांत गेले. गोव्यातल्या नागोव्यात जन्मलेला अंताव डिसोजा पाकिस्तानकडून कसोटी क्रिकेट खेळला. कॉग्निझंट या संगणक कंपनीचे सहसंस्थापक फ्रान्सिस्को डिसूझा नैरोबीत जन्मलेले, गोव्याच्या कुटुंबातले. लिस्बनहून गोवा, गोव्याहून आफ्रिका, आफ्रिकेतून अमेरिका असा फेरा या आडनावाने घेतला, आणि त्यातला मधला टप्पा आपल्या किनाऱ्याचा आहे.

लिहिण्याच्या पद्धतीवरूनही माणसाचा प्रदेश ओळखू येतो. पोर्तुगालात आता स-चे अक्षर घालतात, ब्राझीलमध्ये जुने झ-चे टिकले आहे, आणि ‘ड’नंतर वरचा स्वल्पविराम देऊन नाव जोडण्याची तऱ्हा इंग्रजी अमलाखालच्या मुंबई-मंगळूरची.

मग बुलढाण्यात का नाही?

पोर्तुगीज वस्तू आणि शब्द आपल्यापर्यंत पोहोचले. बटाटा, पाव, साबण, चावी, घमेले, पगार हे शब्द पोर्तुगीज, आणि खामगाव-मलकापूरच्या कापूस बाजारात जो लिलाव होतो तोही. शब्द बाजाराच्या वाटेने आले, आणि बाजाराला घाट आडवा येत नाही. आडनाव मात्र सत्तेच्या आणि चर्चच्या वाटेने जाते. पोर्तुगीजांची सत्ता किनाऱ्याची पट्टी सोडून सह्याद्रीच्या वर कधी टिकली नाही, म्हणून त्यांचा बाप्तिस्माही घाटाखालीच राहिला.

आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती मिशन आले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि तेही अमेरिकन प्रॉटेस्टंट. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेने वऱ्हाडात, त्यात खामगाव-बुलढाण्याकडे, काम केले. या पंथांनी आडनाव बदलण्याचा आग्रह धरला नाही. 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी पदमनजीच राहिले आणि 1895 मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक टिळकच राहिले. म्हणूनच वऱ्हाडातल्या ख्रिस्ती कुटुंबांची आडनावे शेजारच्या हिंदू किंवा बौद्ध कुटुंबासारखीच मराठी असतात. आडनावावरून धर्म ओळखू पाहणारा वसईत जितका फसेल, तितकाच खामगावातही फसेल.

तेव्हा डिसोजा या आडनावावरून रक्त, जात किंवा मूळ देश कळत नाही. कळते ते इतकेच की या कुटुंबाच्या पूर्वजांच्या भागात कोणे एके काळी पोर्तुगीज चर्च पोहोचले होते आणि तिथे कुणीतरी सोउझा नावाचा धर्मपिता, पाद्री किंवा मालक होता. बाकी सर्व त्या कुटुंबाला विचारूनच समजते.

वाचकांना एक विनंती. आपल्या घरातले आडनाव दोन-तीन पिढ्यांत बदललेले आहे का, ते तपासून पाहा. तहसीलमधले जुने कोतवाल बुक आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हे त्यासाठी हाताशी असलेले पुरावे आहेत. त्यांत गावाचे, धंद्याचे किंवा पदाचे वेगळे आडनाव आढळले तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात देशमुख, देशपांडे, पाटील ही वतनाच्या पदांवरून पडलेली वऱ्हाडातली आडनावे पाहू.