लिंबाच्या पानावर ओळखा ट्रिस्टेझा

नेवासा म्हटले की ऊस आठवतो. पण या भागात लिंबू-मोसंबीच्या बागाही आहेत. या बागांचा चिवट शत्रू म्हणजे ट्रिस्टेझा विषाणू. धाग्यासारखा हा कण सुमारे २,००० नॅनोमीटर लांब असतो. ५०० कण टोकाला टोक लावून ठेवले, तर जेमतेम एक मिलिमीटर भरतो. एवढ्याशा विषाणूने १९४०च्या दशकात ब्राझीलमधील साओ पाउलो राज्यात संत्र्याची लक्षावधी झाडे वाळवली.

तिथली कलमे आंबट संत्र्याच्या खुंटावर बांधलेली होती. विषाणू सालीतल्या अन्नवाहिन्यांत वाढतो. अशा कलमात जोडाखालच्या वाहिन्या मरतात, पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि मुळे उपाशी राहतात. म्हणून खत-पाणी भरपूर मिळूनही झाड सुकते.

ओळखण्यासाठी कागदी लिंबाचे कोवळे पान उजेडाकडे धरून पाहावे. शिरा मधूनमधून फिकट, पारदर्शक दिसल्या तर संशय घ्यावा. पाने कडांनी वर वळतात, फळे लहान राहतात. जुन्या फांदीची साल सोलली की लाकडावर लांबट खाचा आढळतात. कागदी लिंबावर ही लक्षणे इतकी स्पष्ट उमटतात, की संशयित झाडाचा डोळा त्यावर बांधून रोग पारखण्याची पद्धत जगभर रूढ झाली. जस्ताच्या कमतरतेत मात्र शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. जिवाणूजन्य ग्रीनिंगमध्ये पानाच्या दोन बाजूंवर पिवळे डाग विषम असतात. खात्री प्रयोगशाळेतील एलायझा किंवा पीसीआर चाचणीनेच होते.

हा रोग बियांतून पसरत नाही. तो पसरतो रोगट झाडाच्या डोळाकाडीतून आणि नवतीवर बसणाऱ्या काळपट माव्यातून. बियांपासून केलेले रोप निरोगी सुरू होते खरे, पण उघड्या रोपवाटिकेत मावा त्याला गाठतो. विषाणू झाडाच्या अगदी टोकाच्या वाढबिंदूपर्यंत सहसा पोचत नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरच्या एक-दोन दशांश भागाइतका शेंडा कापून तो निरोगी रोपावर चढवतात आणि त्यातून विषाणूमुक्त मातृवृक्ष घडवतात. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळसंशोधन संस्था याच तंत्राने रोगमुक्त कलमे तयार करते.

बागायतदारांनी मोसंबीसाठी रंगपूर लाईम किंवा जंबेरी खुंटावरची, चाचणी झालेल्या मातृवृक्षाची कलमे घ्यावीत. कागदी लिंबासाठी शेजारच्या राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे साई शरबती हे ट्रिस्टेझा सोसणारे वाण आहे. रोपे कीटकरोधक जाळीत वाढवावीत, नवतीवर माव्याचे नियंत्रण करावे आणि रोगाची खात्री झालेले झाड मुळासकट काढावे. रोग लागलेल्या झाडाला बरे करणारे औषध नाही. तेव्हा स्वस्त कलमाच्या मोहात न पडता रोपवाटिकेत चाचणीचा दाखला आधी मागा, पैसे नंतर द्या.