रोप लावलं, पर्यावरण संपलं?

‘आमच्या शाळेत पर्यावरण शिकवतो की! दर पावसाळ्यात झाडं लावतो.’ मुख्याध्यापक, पालक, कधी अधिकारीही हे अभिमानाने सांगतात. हेतू चांगलाच असतो, समज मात्र अपुरा आहे. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांच्या कोरड्या भागातली माळरानं उजाड दिसतात, म्हणून तिथे मुलांकडून रोपं लावून घेतली जातात. पण माळरान म्हणजे पडीक जमीन नाही, तो एक स्वतंत्र अधिवास आहे. लांडगा आणि चिंकारा तिथे राहतात, धनगरांच्या मेंढ्या तिथे चरतात. सोलापूरजवळचं नान्नजचं माळढोक अभयारण्य अशाच गवताळ रानात आहे. माळढोकाला मोकळं, दूरवर नजर जाईल असं रान लागतं. तिथे गिरिपुष्पासारख्या परदेशी झाडाची दाट लागवड केली की त्याची जागाच जाते. कासच्या पठारावरही तसंच. जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ, की तिथलं वैभव म्हणजे गवत आणि इवली फुलंच. रोप हातात देण्याआधी ‘इथे मुळात काय उगवत होतं?’ हा प्रश्न मुलांना पडायला हवा. तो पडला नाही, तर वृक्षारोपणातून नुकसानही होऊ शकतं.

‘हे नवीनच खूळ आहे, आधीच अभ्यास थोडा का आहे?’ हा दुसरा समज. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच पर्यावरण हा विषय शाळांमध्ये सक्तीने शिकवण्याचा आदेश दिला आणि 2003 मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा निर्देश दिले. आपल्याकडे परिसर अभ्यास प्राथमिक वर्गांपासून आहे, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा विषय आहे. त्याच्याही आधी, 1937 मध्ये गांधीजींनी वर्ध्याला मांडलेल्या नई तालीममध्ये शेती, सूत आणि सफाई यांतूनच गणित आणि भाषा शिकवायची होती.

‘आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला हे परवडणार नाही.’ ही तक्रार खोटी नाही. अनेक शाळांना साधं पिण्याचं पाणी मिळवतानाही झगडावं लागतं. पण तिथेच सर्वांत चांगला धडा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर बरोबर एक लिटर पाणी होतं. वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद पत्र्याचं छप्पर म्हणजे 200 चौरस मीटर. वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या अवर्षणप्रवण गावातही त्यावर एक लाख लिटर पाणी पडतं. वाया जाणारं वीस टक्के सोडून द्या. 80 हजार लिटर उरतं. शंभर मुलं, प्रत्येकी रोज दोन लिटर पिण्याचं पाणी, म्हणजे हिशेब 400 दिवसांचा झाला. टाकी बांधायला पैसे लागतील, पाणी गाळून निर्जंतुकही करावं लागेल. हिशेबाला मात्र पट्टी आणि सरळ उभ्या कडांचं, सपाट तळाचं एक भांडं पुरतं. भांडं रुंद असो की अरुंद, साचलेल्या पाण्याची उंचीच मिलिमीटरमधला पाऊस सांगते. असं का, हे सहावी-सातवीच्या मुलांना शोधू द्या. क्षेत्रफळ आणि घनफळ यांचा इतका जिवंत तास दुसरा नाही.

‘खेड्यातल्या मुलांना निसर्ग काय शिकवायचा?’ असंही म्हणतात. ती मुलं पीक, पाखरू, ढग ओळखतात, हे खरं. पण जमिनीखालचं डोळ्यांना दिसत नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बसाल्टवर वसलेला आहे. या खडकात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांतच साठतं. म्हणून एकाने खोल बोअर मारली की शेजाऱ्याची विहीर आटू शकते. हिवरे बाजारसारखं गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं, ते हे समजल्यामुळेच. हे ज्ञान शाळेत मिळालं तर वीस वर्षांनी ग्रामसभेत त्याचा उपयोग होईल.

आणखी एक समज फार खोल रुजला आहे: घोषवाक्यं, प्रभातफेरी, निबंध झाले की जागृती झाली आणि काम संपलं. तिबिलिसी इथे 1977 मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पर्यावरण शिक्षणाची पाच उद्दिष्टं ठरवली: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. आपण बहुतेक वेळा पहिल्यावरच थांबतो. पुढचं कसं साधतं, हे पाबळच्या विज्ञान आश्रमात पाहावं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तो सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञान अभ्यासक्रमात ऊर्जा-पर्यावरण हा विभाग मुलं हाताने काम करत शिकतात.

अकरावी-बारावीच्या प्रकल्पांचं मला मनापासून वाईट वाटतं. तयार प्रकल्प दुकानात मिळतात, मुलं सुंदर अक्षरात उतरवून काढतात आणि श्रेणी मिळवतात. हा दोष मुलांचा नाही. शिक्षकांनी एकच अट घालावी: प्रकल्पातला प्रत्येक आकडा मुलाने स्वतः, आपल्या गावात किंवा वस्तीत मोजलेला हवा. विहिरीची पातळी ऑक्टोबरात आणि पुन्हा मेमध्ये, वर्गातल्या कचऱ्याचं आठवडाभराचं वजन, शाळेच्या वीजबिलातली महिन्याची युनिटं, किंवा पोषण आहारातलं रोज उरणारं अन्न.