उजव्या नाकपुडीतली नथ

काकांच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत अकरा माणसं आहेत. आजी उजव्या टोकाला, कुणाच्या तरी फेट्याआडून अर्धी दिसते. तिचा चेहरा चिंचोक्याएवढा. तरी आजीचा नीट दिसणारा फोटो आमच्याकडे एवढाच, कारण बाकी सगळ्या फोटोंत ती एक तर पंगतीत वाढते आहे, नाही तर कुणाचं तरी बाळ कॅमेऱ्यापुढे धरून स्वतः त्याच्यामागे लपली आहे. या चिंचोक्याला मध्यभागी बसवायचं ठरवलं आणि त्यात माझे तीन रविवार गेले.

फोटो काचेच्या फ्रेममध्ये होता. पावसाळ्यांच्या ओलीनं एक कोपरा काचेला चिकटलेला. असा फोटो ओढून काढायचा नाही. कागदावरचा जिलेटिनचा थर काचेवरच राहतो आणि माणसाचं डोकं जातं. मी फ्रेम खिडकीजवळ सावलीत ठेवली, काळा दुपट्टा पुढून पांघरला म्हणजे काचेत मी दिसणार नाही, आणि मोबाइलनं काचेवरूनच फोटो काढला. मूळ फोटोला कात्री लावायची नाही, हा या कामातला एकच नियम मी कडक पाळते. बाकी सगळं चालतं.

सामान घरातलंच. बाइंडरकडून आणलेला करडा पुठ्ठा, मैदा, फेविकॉल, चहाचं पाणी. आजीच्या इरकली जुनेराची गोधडी झाली तेव्हा वीतभर काठ उरला होता, तो. आणि 'कालनिर्णय'चं 1986 मधलं एक पान, ज्यावर तिनं तारखांच्या चौकटींत दुधाचा हिशेब लिहिला आहे: दीड, दीड, एक, खाडा, दोन. दोन लिटरच्या दिवशी कोण आलं होतं, ते आता कळायला मार्ग नाही.

खळ करायला दोन चमचे मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, मग वाटीभर पाण्यात मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की झाली. बाइंडर त्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विष आहे आणि माझं पातेलं स्वयंपाकघरातलं, म्हणून मी घालत नाही. लागेल तेवढीच ताजी खळ करते. एक गोष्ट मात्र बाइंडरकडून शिकले. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद डकवला तर वाळताना कागद आकसतो आणि पुठ्ठा पापडासारखा वाकतो. मागूनही एक कागद लावला की दोन्हीकडचा ताण सारखा होतो. कापडाला आधी पातळ कागदाचं अस्तर द्यायचं, नाही तर खळ आरपार येऊन काठावर डाग उठतात.

आता आजी. पहिल्या रविवारी घरच्या इंकजेट प्रिंटरवर तिचा चेहरा मोठा करून छापला, वरून पातळ फेविकॉल फिरवलं आणि शाई निळसर होऊन गळ्यापर्यंत ओघळली. ही शाई पाण्यात विरघळते. झेरॉक्सच्या दुकानातली भुकटी म्हणजे टोनर. तो उष्णतेनं कागदावर वितळून बसतो, पाण्याला दाद देत नाही. दुसऱ्या रविवारी तिकडे गेले.

टोनरची एक गंमत करता येते. पुठ्ठ्यावर फेविकॉलचा हात द्यायचा, छापील बाजू खाली करून कागद पालथा घालायचा, जुन्या एटीएम कार्डानं हवा काढायची आणि रात्रभर सोडायचं. सकाळी कागद ओला करून बोटानं चोळायचा. दिवाळीच्या पहाटे उटणं चोळल्यावर सुटतात तशा कागदाच्या वळ्या सुटतात आणि चित्र मागे राहतं. तासाभरात आजी आली. मी आईला हाक मारली.

आईनं चष्मा लावून पाहिलं. "सासूबाईंनी नथ उजव्या नाकपुडीत कधीपासून घातली गं?"

पालथं घातलं की सगळं उलटं होतं, हे माझ्या लक्षातच नव्हतं. आजीसोबत छापून उतरवलेला दुधाचा हिशेबही उजवीकडून डावीकडे वाहत होता. पुन्हा झेरॉक्सच्या दुकानात. "ताई, आरशातल्यासारखं छापून काय करणार?" दुकानदारानं विचारलं, पण छापून दिलं.

तिसऱ्या खेपेला नथ जागेवर आली आणि डावी भिवई गेली. फेविकॉल वाळलं तरी पाण्यानं पुन्हा मऊ पडतं, आणि मी हावरेपणानं जरा जास्तच चोळलं. पेन्सिलीनं भिवई काढली, तर आई म्हणाली, "इतकी कोरीव नव्हती त्यांची." पुसून टाकली. तिथं आता पुठ्ठ्याचा करडा रंग दिसतो, आणि तो मला काढलेल्या भिवईपेक्षा खरा वाटतो.

याला हल्ली 'मिक्स्ड मीडिया' म्हणतात आणि त्याचे महागडे संच मिळतात. ते घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. हा प्रकार काही नवा नाही: छापील वेताच्या विणीचं मेणकापड चिकटवून भोवती दोर लावलेलं पिकासोचं चित्र 1912 चं. रविवर्म्याचा छापखाना मुंबईत 1894 साली सुरू झाला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या छापील चित्रांवर जरी, टिकल्या, मणी आणि कापडाची लुगडी चढवण्याचं काम घराघरांतल्या बायकांनी केलं. त्यांची नावं कोणत्याही कॅटलॉगमध्ये नाहीत, हात मात्र भलते सफाईचे. माझा काठ अजून कोपऱ्यात सुरकुतलेला आहे.

शेवटी खाली इरकली काठ, मागे चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला हिशेब, आणि मध्ये एका भिवईची आजी. आईनं ती स्वयंपाकघरात लावायला नको म्हटलं: "जन्मभर तिथंच होत्या." आता बैठकीत आहे, खिडकीचं ऊन पोचणार नाही अशा भिंतीवर.

तुम्ही असं काही करायला घ्याल तर अल्बममधल्या प्रत्येक फोटोमागे, कडेला, मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं नावं लिहा. बॉलपेननं नको, त्याचा वळ पुढे उमटतो. आणि हे आधी करा, खळ नंतर. काकांच्या लग्नातल्या अकरापैकी सात जण आईनं ओळखले. उरलेल्या चौघांची नावं सांगणारं आमच्याकडे कुणी नाही.